कांदोळीतलं एक रेस्टॉरंट: मासळी ताजी, पगार टिपेतून

गोव्यात कळंगुटहून कांदोळीला जाताना मुख्य रस्त्याला लागून असलेलं हे दुमजली रेस्टॉरंट बाराही महिने चालतं. साठेक माणसांची बैठक, खाली साधी टेबलं, वर पंख्यांचा हॉल. नाव इथे दिलेलं नाही. पुढे ज्या हिशेबाबद्दल लिहिलं आहे तो आतली माणसंच सांगू शकतात, आणि बाराजणांच्या फ्लोअरवर (टेबलं सांभाळणाऱ्या स्टाफमध्ये) कोण बोललं हे ओळखायला मालकाला पाच मिनिटं पुरतात. शिवाय अख्ख्या किनारपट्टीवर हा प्रकार याच एका दारात चालतो असंही नाही.

आधी जेवणाचं. फिश थाळी ३५० रुपये: शीत (भात), बांगड्याचं हुमण (आमटी), सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर (कोशिंबीर), तिसऱ्यांचं सुकं, एक भाजी, सोलकढी आणि रवा लावून तळलेला एक तुकडा. हुमणात तेफळं मोजून पडलेली असतात, खोबरं बारीक वाटलेलं असतं आणि आंबटपणा सोलांचा असतो. इसवण (सुरमई) असेल त्या दिवशी तळणीला तोड नाही. चणक मागवायचा असेल तर दुपारीच मागवा, रात्रीचा बहुतेकदा बर्फातला असतो. सोलकढी रात्री नऊनंतर पातळ होत जाते. सुंगटांची कडी ठीक, चिकन काफ्रेआल टाळलेलं बरं. दोघांचं पोटभर जेवण थाळी आणि एखादी जादा डिश धरून हजाराच्या आसपास बसतं. या पट्ट्यात ते स्वस्तच म्हणायचं.

सर्व्हिस चोख. पाणी मागावं लागत नाही, कुठला मासा आजचा आणि कुठला कालचा हे स्टीवर्ड (वेटर) खरं सांगतो, केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) चुकत नाही. जेवण स्वस्त आणि सर्व्हिस चोख असा मेळ दिसला की खर्च कुठून भागतो हे बघावं. इथे तो गिऱ्हाईकाने ठेवलेल्या टिपेतून भागतो.

पद्धत अशी. कामावर घेताना 'पगार आठ हजार, वर टीप, महिन्याला तेरा हजारांची गॅरंटी' असं सांगतात. ऐकायला बरं वाटतं. पण गॅरंटीतले वरचे पाच हजार मालक आपल्या गल्ल्यातून देत नाही, टिपेच्या पेटीतून काढतो. पेटीत उरलेलं मग पॉइंटप्रमाणे, म्हणजे हुद्द्यानुसार ठरलेल्या हिश्शांप्रमाणे, वाटलं जातं. किमान वेतनाचा नेमका आकडा कामाच्या वर्गाप्रमाणे आणि महागाई भत्त्याप्रमाणे बदलतो, तो श्रम आयुक्तालयाच्या ताज्या अधिसूचनेत बघावा. इथे समजायला सोपं जावं म्हणून किमान वेतन दिवसाला ५०० रुपये, महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे १३,००० रुपये धरू.

फ्लोअरवर दोन कॅप्टन (मुख्य वेटर), सहा स्टीवर्ड, चार हेल्पर. कॅप्टनला ६ पॉइंट, स्टीवर्डला ४, हेल्परला ३, एकूण ४८. सीझनच्या एखाद्या महिन्यात पेटीत रोख, कार्ड आणि क्यूआर मिळून १,२०,००० रुपये जमले असं समजा. सरळ हिशेबाने एका पॉइंटला २,५०० रुपये पडतात. स्टीवर्डला टिपेचे १०,००० आणि पगाराचे १३,००० मिळून २३,००० यायला हवेत.

इथे मात्र आधी बाराजणांची 'गॅरंटी' भरायला माणशी ५,०००, म्हणजे ६०,००० रुपये पेटीतून बाजूला काढतात. राहिलेल्या ६०,००० चे ४८ पॉइंट केले की पॉइंटला १,२५० पडतात. स्टीवर्डच्या हाती मालकाचे ८,०००, पेटीतून 'पगार' म्हणून ५,००० आणि टीप म्हणून ५,०००, एकूण १८,००० येतात. पाच हजार गेले. बाराजणांचे मिळून महिन्याला साठ हजार. ही रक्कम मालकाच्या तिजोरीत पडताना कुणाला दिसत नाही, कारण ती तिजोरीत पडतच नाही, फक्त तिजोरीतून बाहेर जायची वाचते. म्हणून 'आम्ही टिपेला हात लावत नाही' असं मालक शपथेवर सांगू शकतो. तुम्ही बिलाच्या फोल्डरमध्ये १०० रुपये ठेवले तर त्यातले ५० मालकाचं देणं फेडायला जातात.

पॉइंटच्या यादीत आणखी एक गोम आहे. गॅरंटी सर्वांना सारखी आणि उरलेलं पॉइंटप्रमाणे, त्यामुळे हेल्परच्या टिपेचा हिस्सा ७,५०० वरून ८,७५० होतो आणि कॅप्टनचा १५,००० वरून १२,५०० वर येतो. हेल्पर खूश, कॅप्टन नाराज, आणि भांडण दोघांत लागतं. हेल्परचेही एकूण पावणेचार हजार बुडालेले असतात, पण कॅप्टनपेक्षा आपलं बरं झालं या समाधानात ते कुणी मोजत नाही.

पावसाळ्यात चित्र उलटं. जुलैत पेटीत माणशी दोन हजारच जमले तर आठ आणि दोन मिळून दहा हजार. वरचे तीन हजार मालकाने भरायला हवेत. तो भरतो, पण वहीत 'ॲडव्हान्स' म्हणून मांडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या टिपेतून वसूल करतो. गॅरंटी या शब्दाला मग काही अर्थच उरत नाही. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना (तात्पुरत्या झोपड्यांत हॉटेल चालवणाऱ्यांना) निदान पावसाळ्यात शॅक काढावे लागतात, माणसं गावी जातात आणि हिशेब मिटतो. बारमाही रेस्टॉरंटात तो पुढच्या सीझनला चिकटून येतो.

टिपेतून पगार भरायची रीत अमेरिकेत कायद्याने चालते, म्हणून इथले काही मॅनेजर 'अमेरिकन सिस्टीम' असं ऐटीत सांगतात. तिथला संघराज्याचा नियम असा: किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालतात, उरलेल्या ५.१२ डॉलरपुरती टीप मालक आपल्या खात्यावर धरू शकतो. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. मात्र टीप कमी पडली तर फरक मालकाने आपल्या खिशातून भरायचा, तो उसना म्हणून वसूल करता येत नाही. अशी वजावट घेणार हे कामगाराला आधी सांगायचं. आणि मॅनेजर वा सुपरवायझरला टिपेच्या वाट्यात बसता येत नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत तर ही वजावटच बंद आहे. कांदोळीच्या या रेस्टॉरंटने त्या नियमातली सवलत तेवढी उचलली, जबाबदारी तिथेच ठेवली.

ब्रिटनमध्येही एकेकाळी पगारपत्रकातून दिलेली टीप किमान वेतनात धरता येत असे. १ ऑक्टोबर २००९ पासून ते बंद झालं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे आणखी एक कायदा लागू आहे: मालकाच्या हाती आलेली टीप काहीही न कापता, अगदी कार्डाचं शुल्कही न कापता, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत वाटायची, वाटपाचं धोरण लेखी ठेवायचं, नोंदी तीन वर्षं जपायच्या. तिथल्या स्विंडन शहरात हॉटेलात काम करणाऱ्या भावाला फोन केला तरी एवढी माहिती मिळेल.

आपल्याकडे टिपेची वजावट देणारं कलमच नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात नव्हतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही नाही. वेतन म्हणजे मालकाने कामाबद्दल द्यायचा मोबदला. टीप देतं गिऱ्हाईक. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या १९७६ च्या खटल्यात कामगारांच्या महागाई भत्त्याचा वाद होता आणि त्यांना टीप मिळते हा मुद्दा त्यात मध्ये आणला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. पुढे २०१६ मध्ये आयटीसीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की कार्डावर आलेली टीप हॉटेल विश्वस्त म्हणून सांभाळतं आणि कामगारांना देतं. तो हॉटेलने दिलेला पगार नव्हे, म्हणून पगारावरची करकपात त्यावर लागत नाही. हा निकाल हॉटेलवाल्यांच्या बाजूचा होता. एका टेबलावर 'हा पगार नाही' म्हणून टीडीएस (ही करकपात) वाचवायचा आणि दुसऱ्या टेबलावर 'हाच पगार' म्हणून किमान वेतन भरायचं, असं दोन्हीकडून खाता येत नाही. आणि कामगाराने कमी पगारावर लेखी सही दिली असली तरी कायद्यापुढे ती सही रद्द.

बुडालेल्या पाच हजारांचं नुकसान महिन्याच्या पाकिटावर थांबत नाही, हे वेटरलोकांना बऱ्याचदा उशिरा कळतं. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. आठ तासांचा दिवस धरला तर १३,००० वर ताशी ६२ रुपये ५० पैसे, दुप्पट १२५. आठ हजारांवर ताशी साधारण ३८ रुपये ५० पैसे, दुप्पट ७७. ब्रेक शिफ्टमध्ये, म्हणजे सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन आणि रात्री सात ते बारा अशा कामात, महिन्याला चाळीस तास जादा सहज होतात. तिथेच १,९०० रुपयांवर गेले. भविष्यनिधीचे (पीएफचे) बारा टक्के १३,००० वर १,५६० होतात, ८,००० वर ९६०. फरक ६०० चा, आणि मालकाच्या वाट्याचाही तेवढाच. फ्लोअर, किचन, भांडी मिळून इथे वीसच्या वर माणसं आहेत, त्यामुळे भविष्यनिधी टाळता येत नाही, मग आकडा लहान ठेवला जातो. पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी मोजताना पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने १३,००० वर ३७,५०० येतात, ८,००० वर २३,०७७. टिपेचा भाग यात कुठेच धरला जात नाही, कारण त्या दिवशी मालकाला अचानक आठवतं की टीप म्हणजे पगार नव्हे.

आता बिलाकडे. इथल्या बिलावर जेवणाच्या बेरजेखाली 'स्टाफ वेल्फेअर १० टक्के' अशी ओळ असते आणि जीएसटी त्यानंतर लागतो. २,४०० रुपयांच्या जेवणावर २४० वेल्फेअर, २,६४० वर पाच टक्के जीएसटी १३२, एकूण २,७७२. ती ओळ काढली तर जीएसटी १२० आणि एकूण २,५२०. दारू वेगळ्या कराखाली येते, तिची बेरीज वेगळी बघावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही लावता येत नाही आणि बिलात घालून त्यावर जीएसटी घेता येत नाही. हॉटेल संघटनांनी त्याला आव्हान दिलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला सूचना कायम ठेवल्या. ती ओळ काढा म्हटल्यावर इथे वाद न घालता काढतात, नवीन बिल दोन मिनिटांत येतं. नाहीच काढली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

वेल्फेअरचे २४० रुपये स्टाफला पोचतात का? पेटीत जमा होतात, आणि पेटीतून काय होतं ते वर आलंच. म्हणून ही ओळ काढायला सांगताना वेटरच्या पोटावर पाय देतोय असं वाटून घेऊ नका. तेवढेच पैसे वेगळे द्या.

वेगळे कसे द्यायचे हा प्रश्न मात्र सोपा नाही. 'रोख द्या' हा सल्ला अर्धाच कामाचा. इथे नियम आहे की रोख टीपसुद्धा फोल्डरसकट काउंटरला जमा करायची. खिशात टाकली आणि सापडली तर त्या महिन्याचे पॉइंट कापतात. असा नियम आला की स्टाफ टीप लपवू लागतो, पेटी हलकी होते, गॅरंटी भरायला मालकाला स्वतःचे पैसे काढावे लागतात, मग कॅमेरा फोल्डरच्या टेबलावर फिरतो आणि शिफ्ट सुटताना खिसे तपासतात. चोरीचा संशय वेटरवर, आणि पेटीची किल्ली मॅनेजरकडे.

टेबलावरच्या क्यूआरचं एक बघा: स्कॅन केल्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. ते फर्मचं असेल तर टीप फर्मच्या खात्यात, बिलाच्या पैशांत मिसळली. कार्डाच्या मशिनवर टिपेचा वेगळा आकडा टाकता येतो आणि दिवसाच्या शेवटी निघणाऱ्या रिपोर्टात तो वेगळा दिसतो. म्हणजे कार्डाची टीप किती आली हे मालकाला रोजच्या रोज माहीत असतं. स्टाफला महिन्याच्या शेवटी फक्त एक बेरीज सांगितली जाते. रोज रात्री रिपोर्टचा कागद आणि पेटीतली रोख दोघांसमोर मोजून वहीत दोन सह्या, एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतात. इथे ती वही नाही.

टिपेतून आणखी काय कापतात? फुटलेले ग्लास, बिल न देता उठून गेलेलं टेबल, कार्डाचं शुल्क. वेतनातून नुकसानभरपाई कापायची तर माल वा पैसे त्या माणसावर सोपवलेले असावे लागतात, नुकसान त्याच्या हलगर्जीने झालेलं असावं लागतं आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. अठ्ठावीस टेबलांच्या हॉलमधून एक कुटुंब पळालं म्हणून बाराजणांच्या पेटीतून २,००० काढणं यात बसत नाही. यावर ठरलेलं उत्तर तयार असतं: 'ते पगारातून थोडंच कापलं, टिपेतून कापलं.' गॅरंटीच्या वेळी टीप पगार होती, इथे ती पुन्हा टीप झाली.

किचनचा मुद्दा थोडा वेगळा. पेटीत किचनचा वाटा नाही आणि हुमण करणारीला टिपेतलं काही मिळत नाही, हे चुकीचंच आहे. पण तो वाटा द्यायचा तर पॉइंट वाढवून द्यावा, गॅरंटीच्या नावाने आणखी एक खड्डा खणून नव्हे.

मालकाची नेहमीची तक्रार असते की पूर्ण पगार दिला तर थाळी परवडणार नाही. बघू. वाचवलेले ६०,००० आणि त्यावरचा मालकाचा भविष्यनिधीचा वाटा ७,२०० मिळून ६७,२००. सीझनमध्ये दिवसाला शंभर माणसं जेवली तर महिन्याला ३,००० पानं. पानामागे साडेबावीस रुपये. ३५० ची थाळी ३७५ ला विकली तर पगार आणि भविष्यनिधीचा हा हिशेब कायद्यात बसतो आणि वर अडीच रुपये उरतात. कांदोळीत ताज्या इसवणाच्या थाळीला २५ रुपये जास्त म्हणून कुणी उठून जाणार नाही. पावसाळ्यात पानं कमी होतात आणि पानामागचा बोजा वाढतो हे खरं, पण त्यासाठी सीझनचा नफा बाजूला ठेवायचा असतो, स्टाफच्या नावावर उसनवारी मांडायची नसते.

जेवायला जावं का? जावं, दुपारी. बिल आल्यावर वेल्फेअरची ओळ काढून घ्या आणि टीप देताना मॅनेजर जवळ नसताना एकच विचारा: 'ही पगारात धरतात की वर मिळते?' मॅनेजरसमोर विचारलंत तर उत्तर एकच येणार. 'पगारात धरतात' असं ऐकलंत तर दोन ओळी लिहून ऑनलाइन टाका. वेटरचं नाव, वेळ, टेबल नंबर टाकू नका. हॉटेलांना चांगल्या स्टारांची भूक असते, त्या एका वाक्याने मालक हलतो. जेवणाला आमचे पाचपैकी चार, सर्व्हिसला साडेचार, हिशेबाला एक, आणि तो एक गुणसुद्धा वेल्फेअरची ओळ काढायला सांगितल्यावर वाद घालत नाहीत म्हणून.

सीझनसाठी इथे किंवा अशाच ठिकाणी कामाला लागणाऱ्यांनी सुरुवातीलाच विचारावं: टीप सोडून पगार किती, वेतनचिठ्ठीवर कोणता आकडा येणार, पावसाळ्यात तुटीचं काय. वेतनचिठ्ठी देणं मालकाला बंधनकारक आहे आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत व्हायला हवा. नोकरी सोडली किंवा काढलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब. राहायला खोली दिली असेल तर भाड्याची कपात चिठ्ठीवर दिसायला हवी, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

कमी पगाराचा दावा करायचा तर हजेरीच्या पानाचे फोटो, बँकेत वा यूपीआयवर आलेल्या रकमांचे तपशील, ड्युटीच्या वेळापत्रकाचे व्हॉट्सॲप मेसेज आणि पेटी वाटली त्या दिवशी मिळालेली रक्कम तारखेसह लिहून ठेवा. मालक हे सगळं पाकिटातून देत असेल तर पाकिटाचाही फोटो. श्रम आयुक्तांचं कार्यालय पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात आहे. म्हापसे, मडगाव, वास्को, फोंडा इथेही खात्याची कार्यालयं आहेत, पेडणे-बार्देशच्या माणसाला पणजीला हेलपाटा घालायची गरज नाही. जुन्या कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, संहितेत ती तीन वर्षं झाली आहे. म्हणजे सीझन संपवून गावी गेलेला ओडिशाचा वा नेपाळचा मुलगा पुढच्या सीझनला परत आल्यावरही दावा करू शकतो, किंवा युनियन त्याच्या वतीने करू शकते. बुडालेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. शिवाय कमी पगार दिल्याबद्दल पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पाच वर्षांत पुन्हा केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दावा दाखल झाला की पूर्ण पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. तिथे त्याला टिपेच्या पेटीचाही हिशेब दाखवावा लागेल, आणि त्या पेटीची वहीच नाही.